चार दाती खोंड

आमचा गणपती दीड दिवसाचा. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली, म्हणजे विसर्जन गुरुवारी. डॅलसच्या उत्तरेला, आम्ही राहतो तिथे, ऑगस्ट संपता संपताही संध्याकाळी सहाला मागच्या अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. कुंपणाला लागून निळा प्लास्टिकचा टब ठेवला होता. दुपारी भरलेलं पाणी चहाला ठेवल्यासारखं तापलेलं. बायको म्हणाली, जरा बर्फ टाक त्यात. गमतीत म्हणाली की मनापासून, कळलं नाही. मी आपला फ्रीजरमधला ट्रे ओतला. शाडूची वीतभर मूर्ती, टबात हेलकावणारे बर्फाचे खडे, आणि घरातून येणारा कापराचा नि तुपाचा वास. उत्तरपूजेला वीस-बावीस माणसं येणार होती. एरवी ही माणसं दारात चपला काढता काढता मोदक उकडीचे की तळणीचे ते विचारतात. त्या दिवशी प्रत्येक जण हातात फोन घेऊन आत आला आणि म्हणाला, "ऐकलंत का?"

ऐकलं होतं. काउबॉइजने, म्हणजे आमच्या डॅलसच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, आपला हुकमी खेळाडू मायका पार्सन्स ग्रीन बे पॅकर्स या दुसऱ्या संघाला देऊन टाकला होता. बदल्यात पुढच्या दोन ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे दोन पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचे हक्क, आणि त्यांचा एक खेळाडू, केनी क्लार्क. माझी पंधरा वर्षांची लेक पार्सन्सची अकरा नंबरची निळी जर्सी घालून आरतीला उभी राहिली. बायकोने डोळे वटारले. मी म्हटलं, राहू दे, आज तिचंही विसर्जनच आहे.

आरती संपली, मंत्रपुष्पांजली अर्ध्यावर सगळ्यांची नेहमीसारखी गडबडली, आणि प्रसादाच्या द्रोणांबरोबर वाद सुरू झाला. आमच्यात एक जण कोल्हापूरचा आहे. मिलवॉकीत नऊ वर्षं काढून इकडे आला, येताना पॅकर्सचं वेड घेऊन आला. त्याच्या बैठकीच्या खोलीत पॅकर्सच्या एका शेअरचा कागद चौकटीत लावलेला आहे. त्या संघाला मालक नाही, पाच लाखांच्या वर भागधारक आहेत. लाभांश मिळत नाही, शेअर विकता येत नाही, नुसता भिंतीवर लावायचा. तो याला सहकारी साखर कारखाना म्हणतो. "आणि तुमचं काउबॉइज म्हणजे पाटलाचा वाडा," हेही ठरलेलं वाक्य. पाटील म्हणजे जेरी जोन्स. मालक तोच, जनरल मॅनेजरही तोच. त्या संध्याकाळी हा कोल्हापूरकर मोदक खाता खाता नुसता हसत होता, आणि त्याचं हसणं बाकीच्यांना जास्त झोंबत होतं. एक जण म्हणाला, फसवलं आपल्याला, असा माणूस दोन पिकांत जातो का, तीन तरी घ्यायचे. दुसरा म्हणाला, चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलर मागणाऱ्याला ठेवायचं कुठून. संघाची पगाराची मर्यादा यंदा २७ कोटी ९२ लाख, म्हणजे एकटा माणूस दर वर्षी सहावा हिस्सा खाणार, उरलेल्या बावन्न जणांनी काय प्रसादावर राहायचं? तिसरा म्हणाला, पिक म्हणजे शेवटी बाजारात तुरी.

अण्णा, माझे वडील, कोपऱ्यातल्या रिक्लायनरवर बसून ऐकत होते. जूनमध्ये आले होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर. हा खेळ त्यांना कळत नव्हता, पण वाद कळत होता. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "काय रं, इकला व्हय कुणाला?" मी ड्राफ्ट समजावून सांगितला. दर एप्रिलात कॉलेजची पोरं वाटून घेतात, गेल्या हंगामात जो तळाला त्याचा नंबर आधी, आणि या नंबरांचीही पुढच्या काही सालांपर्यंतची देवघेव चालते. "म्हंजी कोण मिळनार त्ये ठावं न्हाई?" नाही. "आन ह्यो दिला त्याचं वय?" सव्वीस. "आन आला त्याचं?" तिशीला टेकलाय. अण्णांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हंजी चार दाती खोंड दिला, जुळल्याला बैल घेतला, आन वर दोन गाभण गायांच्या पोटातली वासरं."

खोली हसून फुटली. कोल्हापूरकराला ठसका लागला. त्या संध्याकाळी, आणि पुढचे कित्येक दिवस टीव्हीवर, त्या व्यवहाराचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलं नाही. पण लेक हसली नव्हती. ती तिच्या इकडच्या मराठीत, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "आजोबा, माणसांबद्दल असं नाही बोलायचं. इथे तर अजिबातच नाही."

मग कुणीतरी घाईघाईने "गणपती बाप्पा" म्हणालं.

मूर्ती विरघळायला वेळ लागतो. सगळे गेल्यावर मी टबाजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. मुकुट गेला, सोंड गेली, पाणी राखाडी झालं. अण्णांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं आणि लेकीचंही. दोघांपैकी एक जण चुकला असता तर झोप लागली असती.

अण्णांनी वापरलेल्या शब्दांना आमच्याकडे वजन आहे. आमचं गाव माण तालुक्यात. पाऊस विसरून गेलेला मुलूख, पण खिल्लार जनावर बघावं तर आमच्याकडचंच. पांढरंफेक अंग, मागे झुकलेली लांब शिंगं, आणि पळताना पाय जमिनीला लागतात की नाही अशी चाल. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत डिसेंबरच्या थंडीत जनावरांचा बाजार भरतो. पहाटे धुकं, शेकोट्या, शेणाचा आणि कडब्याचा वास, हजारो घुंगरांचा एकच एक आवाज. माणूस तिथे जनावराच्या तोंडात हात घालतो तेव्हा त्याचा चेहरा डॉक्टरसारखा होतो. आदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. जुळला की वय कळायचं थांबलं, तिथून पुढे नुसता विश्वास. मग खूर, वशिंड, अंगावरचे भोवरे, शेपटीचा गोंडा, मग चालवून बघायचं, मग उगाच नाक मुरडायचं. भाव तोंडाने बोलायचा नाही. घेणाऱ्याचा हात, देणाऱ्याचा हात, वर रुमाल. रुमालाखाली बोटं दाबली जातात आणि वर दोघंही दुसरीकडे कुठेतरी बघत असतात. मी लहानपणी त्या रुमालाकडे टक लावून बघत बसायचो. कापड हलायचं, उंदीर फिरावा तसं. एवढंच दिसायचं.

आमचा सुंदऱ्या त्या रुमालाखाली गेला. साल १९८८ की ८९ यावर घरात एकमत नाही. आत्याचं लग्न ठरलं होतं एवढं नक्की. चार दाती होता. विकायला थोरले काका, म्हणजे आबा, आणि अण्णा असे दोघं गेले होते. मी वैरणीच्या गाडीत मागे. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, सांगलीकडचा होता, डोक्याला गुलाबी पटका. त्याने इसार दिला तेव्हा आबांनी नोटा मोजल्या आणि परत मोजल्या. आमच्यात जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. अण्णांनी सुंदऱ्याच्या गळ्यातलं दावं सोडून खांद्यावर टाकलं आणि आम्ही रिकामे परत आलो. आणि त्या रात्रीपासून आमच्या घरात वाद सुरू झाला, तो आबा जाईपर्यंत चालला. दोन दिवस थांबायला हवं होतं, यात्रेच्या शेवटी भाव चढतो. जोडीने विकायला हवा होता. हेड्याने आपली गरज ओळखली. कोण म्हणे गरज तुझ्याच तोंडावर लिहिलेली होती. दिवाळीला, लग्नात, तेराव्याला, कुठेही चार माणसं जमली की सुंदऱ्याचा विषय निघायचा. गंमत म्हणजे किती रुपये आले तो आकडाही दर वर्षी बदलत गेला. आबांच्या तोंडी तो कमी कमी होत गेला.

डॅलसच्या माणसांना हे सांगायची गरज पडत नाही. त्यांच्याकडे हर्शेल वॉकर आहे. १२ ऑक्टोबर १९८९. जेरी जोन्सने त्याच वर्षी १४ कोटी डॉलरला संघ घेतला होता आणि संघ इतका वाईट होता की त्या हंगामात सोळापैकी एक सामना जिंकला. त्यांच्याकडे मोलाची वस्तू एकच, वॉकर. प्रशिक्षक जिमी जॉन्सनने तीच विकली. मिनेसोटा वायकिंग्जने त्याच्या बदल्यात पाच खेळाडू आणि पिकांचा ढीग दिला. सगळे मिळून अठरा खेळाडू आणि पिक इकडचे तिकडे झाले. बातमी आली तेव्हा हसणारे डॅलसलाच हसले, पाच सामान्य गडी घेऊन हिरा दिला म्हणून. आणि तीन दिवसांनी वॉकर वायकिंग्जकडून पहिल्यांदा मैदानात उतरला, एका दौडीत ४७ यार्ड पळाला, पळता पळता एका पायातला बूट निघून पडला, तरी पळत राहिला. दिवसअखेर १४८ यार्ड. त्या रात्री मिनियापोलिसमध्ये कुणाला विचारलं असतं की भाव बरोबर लागला का, तर त्याने तुम्हाला स्वतःच्या पैशाने बिअर पाजली असती.

त्या पाच गड्यांत खरी मेख होती. प्रत्येकाच्या नावाला एकेक पिक बांधलेला होता. ठराविक तारखेच्या आत डॅलसने त्याला काढून टाकलं तर तो पिक डॅलसचा. जॉन्सनला गडी नको होते, दावी हवी होती. त्या पिकांतून आणि त्यांच्या पुढच्या अदलाबदलीतून एमिट स्मिथ आला, जो पुढे लीगच्या इतिहासात सगळ्यांत जास्त यार्ड धावला. डॅरेन वुडसन आला. १९९२, ९३ आणि ९५ च्या हंगामांत डॅलसने सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकली. वॉकरला मिनेसोटात एकाही हंगामात हजार यार्ड जमले नाहीत. आज हा सौदा म्हणजे लीगमधली सगळ्यांत मोठी लूट मानतात, शाळेत शिकवावी अशी. मला मात्र तो निघून पडलेला बूट आठवत राहतो. त्या एका संध्याकाळपुरती मिनेसोटाची माणसं वेडी नव्हती.

पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काउबॉइजनेच तक्ता केला. जोन्सचा तेलधंद्यातला भागीदार माइक मॅकॉय, पेशाने इंजिनिअर, त्याने आधीच्या काही वर्षांचे सौदे समोर ठेवून प्रत्येक पिकाला गुण दिले. पहिला पिक ३००० गुणांचा, सोळावा १०००, बत्तिसावा ५९०. जॉन्सनच्या नावाने तो तक्ता प्रसिद्ध झाला, हळूहळू सगळ्या संघांकडे पोचला, आणि लोक त्याला किंमत समजायला लागले. पण त्यात किंमत नव्हती. लोक आजवर काय देत आले तेवढंच होतं. रुमाल उचलून खालची बोटं कागदावर उतरवली, बस. पार्सन्स आला त्याचीच गोष्ट घ्या. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसचा नंबर दहावा होता. त्यांनी तो फिलाडेल्फियाला दिला, बारावा घेतला आणि वर चौऱ्याऐंशीवा. तक्त्याप्रमाणे १३०० गुण देऊन १२०० अधिक १७० घेतले, म्हणजे ७० गुणांचा नफा. त्या बाराव्या नंबरावर पार्सन्स मिळाला, ज्याने चार हंगामांत साडेबावन्न सॅक केले, म्हणजे चेंडू फेकायच्या आधीच समोरच्या फेकणाऱ्याला पाडलं. हा नफा तक्त्यात कुठे मांडायचा? आणि आता ग्रीन बेचे दोन पिक आले, तर ग्रीन बे चांगला खेळणार म्हणजे त्यांचा नंबर शेवटी-शेवटी, विशीत, तिशीत. पार्सन्स जितका चांगला खेळेल तितकी त्याच्या बदल्यात मिळालेली वस्तू हलकी होत जाणार. हे लक्षात आलं तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून पाच मिनिटं तसाच बसून राहिलो.

अभ्यासकांनीही यावर डोकं घातलं आहे. केड मॅसी आणि नोबेल मिळवलेले रिचर्ड थेलर, दोघांनी बरीच वर्षं ड्राफ्ट तपासला. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना सापडली ती ५२ टक्क्यांच्या आसपास. छापा-काट्याच्या वर दोन टक्के. एवढ्यासाठी सगळ्यांचे रुमाल. आबांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी मानलं नसतंच म्हणा.

लेकीशी मी दोन दिवसांनी बोललो. ती शांत होती, रागावलेली नव्हती, आणि त्यामुळे मलाच अवघड गेलं. तिने मला ड्राफ्टच्या आधी, दर फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला पोरांची जी तपासणी होते तिचे व्हिडिओ दाखवले. तीनशेच्या वर पोरं, अंगावर चड्डीबनियन म्हणावं इतकंच, रांगेत उभी. उंची, वजन, हाताची लांबी, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा किती इंच. डॉक्टर गुडघे ओढून बघतात. समोर पायऱ्यांवर माणसं वह्या घेऊन बसलेली. मोजणारे बहुतेक गोरे, मोजले जाणारे बहुतेक काळे. गॅल्व्हेस्टन आमच्यापासून पाच तासांवर आहे. गुलाम मोकळे झाल्याचा हुकूम टेक्सासात पोचला तो तिथे, १९ जून १८६५ ला. हे ती शाळेत शिकली आहे, मी नाही. "आजोबांना वाईट बोलायचं नव्हतं, मला माहितीये," ती म्हणाली, "पण त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच ते भयंकर आहे." यावर काय बोलणार. मी एवढंच म्हटलं की पार्सन्सने ट्रेड स्वतः मागितला होता, १ ऑगस्टला, जाहीरपणे. जोन्सने त्याच्या एजंटला मध्ये घेतलं नाही. मला त्याचं नावही माहीत नाही असं उघड म्हणाला. दलालाला वगळून थेट खोंडाशीच बोलणारा हेडी. आणि खोंडाने शिंगं दाखवली, आणि १८ कोटी ८० लाख डॉलर घेऊन गेला. सुंदऱ्याला कुणी विचारलं होतं?

"आणि क्लार्कला?" लेक म्हणाली.

क्लार्कबद्दल त्या संध्याकाळी एकही माणूस बोलला नव्हता. मीसुद्धा. २०१६ पासून ग्रीन बेत. नऊ हंगाम. बचावाच्या मधोमध उभं राहून दोघा-तिघांना अंगावर घ्यायचं, म्हणजे बाकीच्यांना सॅक मिळतात, अशा कामाचा माणूस. तीन वेळा प्रो बोल, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंत नाव. हंगाम सुरू व्हायला आठवडा उरला असताना त्याला कळलं की आपण टेक्सासला चाललो. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं, कारण भाजी कुठली आणि किती याचा वाद चालला होता, आणि तो होता भाजीवाली वर टाकते ती कोथिंबीर.

कोथिंबीर असण्याचा मला अनुभव आहे. इथे येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही ज्या कंपनीत होतो तिने आपला सगळा विभाग दुसऱ्या एका कंपनीच्या हवाली केला. आमच्या धंद्यात याला रीबॅज म्हणतात. शुक्रवारी दुपारी सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलं, पडद्यावर दोन कंपन्यांची चिन्हं आणि मध्ये एक बाण. बाणावर आम्ही. नावं नव्हती, नुसता आकडा होता, दोनशे आणि काहीतरी. सोमवारी त्याच खुर्चीवर, त्याच खिडकीपाशी, गळ्यात वेगळ्या रंगाची पट्टी. व्हिसाचे कागद नवीन करावे लागले, त्यात बायकोचं भारतात जाणं लांबलं, तिच्या वडिलांचं आजारपण त्यातच होतं. या सगळ्याचा राग यायला हवा होता, आणि आला, पण नंतर. लाज वाटते सांगायला, पण त्या शुक्रवारी हॉलमध्ये बसून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की या सौद्यात मी केवढ्याला लागलो? दोनशेमध्ये एक, की एखादा तरी माणूस म्हणाला असेल की तो डेटाबेसवाला असेल तरच घेऊ? मला विकायला नको होतं असं वाटायच्या आधी मी महाग असावं असं वाटलं. लेकीला हे मी सांगितलं नाही.

हंगामाने वादाचा निकाल लावावा म्हणून आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो. २८ सप्टेंबरला, बरोबर एका महिन्याने, पॅकर्स आर्लिंग्टनला आले. अंगावर हिरवी-पिवळी एक नंबरची जर्सी घातलेला पार्सन्स आपल्या जुन्या मैदानात उतरला. आमच्याकडे पंधरा माणसं, दडपे पोहे, मिसळ, अण्णा रिक्लायनरवर. लेकीने कुणाच्या बाजूने ओरडायचं हे शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. ती कधी अर्धी उठायची, परत बसायची. सामना जादा वेळेत गेला आणि तिथेही सुटला नाही. ४०-४०. "आता ह्येचं काय करायचं?" अण्णांनी विचारलं. काही नाही अण्णा, घरी जायचं. कोल्हापूरकराने उरलेली मिसळ डब्यात भरून नेली.

४ नोव्हेंबरला डॅलसने न्यू यॉर्क जेट्सकडून क्विनेन विल्यम्स घेतला आणि त्यासाठी २०२७ च्या आपल्याकडच्या दोन पहिल्या फेऱ्यांमधली वरची देऊन टाकली, वर २०२६ ची दुसरी फेरी आणि आणखी एक खेळाडू. म्हणजे एका गायीच्या पोटातलं वासरू जन्मायच्या आधीच गहाण पडलं. हिशोब करणाऱ्यांचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. असा हिशोब संपत नाही हे शिकागोला विचारा. २०१८ ला त्यांनी रेडर्सकडून खलील मॅक घेतला, दोन पहिल्या फेऱ्या मोजून. तो असेपर्यंत त्यांना प्लेऑफमधला एकही सामना जिंकता आला नाही. रेडर्सना त्या दोन पिकांतून एक बरा धावपटू मिळाला आणि एक असा पोरगा जो दुसऱ्याच हंगामात संघाबाहेर गेला. मग फसलं कोण? दोघंही फसले, असाही व्यवहार असतो, आणि तो बाजारात कुणी कबूल करत नाही.

अण्णा नोव्हेंबरच्या शेवटी परत गेले. १४ डिसेंबरला डेन्व्हरमध्ये पार्सन्सचा गुडघा गेला. कुणी धडकलं नव्हतं. तो पळत होता, पाऊल टेकलं, आणि तो खाली बसला. मांडीवर हात ठेवून बसलेला तो माणूस कॅमेऱ्याने बराच वेळ दाखवला. तोवर साडेबारा सॅक झाले होते. पाच मिनिटांत आमच्या ग्रुपवर मेसेज सुरू. पाटील शहाणा निघाला. बघा, वेळेवर काढला. १८ कोटी गेले पाण्यात. ऑगस्टमध्ये फसवलं-फसवलं म्हणणारे हेच होते. कोल्हापूरकर काही लिहीत नव्हता. काउबॉइज त्या हंगामात सात जिंकून नऊ हरले, एक बरोबरीत, प्लेऑफ नाहीच. तरी त्या रात्री सगळ्यांना नफा झाल्यासारखं वाटत होतं. लेक तिच्या खोलीत होती. दार लोटलेलं. मी आत गेलो नाही, चहाचा कप बाहेर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. पुसेगावच्या यात्रेच्या दिवसांतलीच गोष्ट, गावात थंडी पडली होती, मागे कुणाचीतरी शेकोटी तडतडत होती. मी सांगितलं, तो तुमचा चार दाती, त्याचा गुडघा गेला, निदान वर्षभर तरी काही नाही.

"मग आता तुमचा फायदा झाला म्हना."

तसं म्हणतायत लोक.

"पोरगी काय म्हंती?"

रडली.

अण्णा गप्प झाले. फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो. मग ते बोलले, पण वेगळंच काहीतरी. सुंदऱ्या विकल्यावर दोन सालांनी ते काही कामाने कराडकडे गेले होते. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. त्यात त्यांना तो दिसला. डाव्या शिंगाला तीच चीर. जूवरती मान खाली घालून उभा होता, मानेला घट्टा पडलेला. जवळ गेलात का, मी विचारलं. नाही म्हणाले. गाडीवानाला बाजूला घेतलं, बिडी दिली, आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता कितीला घेतला ते विचारलं.

"आपल्याला आलं त्याच्या निम्म्यावर," अण्णा म्हणाले. "हेडी बुडाला हुता त्या सौद्यात. आपनच बक्कळ घ्यातलं हुतं."

मला काही सुचेना. तीस-पस्तीस वर्षं. आबा शेवटच्या आजारात, दवाखान्याच्या खाटेवर पडूनसुद्धा त्या गुलाबी पटक्याला शिव्या घालत होते. अण्णा शेजारीच बसलेले असायचे, मोसंबी सोलत. मी म्हटलं, अण्णा, मग आबांना एकदा तरी सांगायचंत. एवढी वर्षं फसलो, फसलो म्हणून जिवाला लावून घेतलं त्यांनी.

"काय सांगायचं? तुझं जनावर तेवढ्याचंबी न्हवतं म्हनून?"

शेकोटीत कुणीतरी काटक्या टाकल्या, आवाज वाढला. मग अण्णांनी विचारलं, तिकडे थंडी किती, लेकीची परीक्षा कधी. गोठ्याचं पत्रं बदलायला माणूस येणार होता म्हणाले, आत सगळी अडगळ झाली आहे, काढायला घेतली आहे.

"दावं हाय अजून खुट्टीला," ते म्हणाले. "उंदरानं कुरतडलंय जरासं."